पहिला तुकडा याकोबाला

पानसवाडी, ता. राहुरी
१२ सप्टेंबर २०२४

चि. शिमोन,

सलाम आणि आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणून तोंड वाकडं करू नकोस. फोनवर तू सरळ खोटं बोलतोस. कागदावर निदान अक्षर तरी हलतं, आणि चाळीस वर्षं मिशन दवाखान्यात चार्ट वाचलेत मी, मला हललेलं अक्षर कळतं. तूही पत्रानेच उत्तर दे.

बातमी अशी की दादाला, म्हणजे तुझ्या पप्पांना, कापणीच्या सणाला प्रभुभोजन चालवायची परवानगी मिळाली. १० नोव्हेंबरचा रविवार. नऊ वर्षांनी तो मेजामागे उभा राहून भाकर मोडणार. पांढरा झगा मी पेटीतून काढून दोनदा धुतला, तरी डांबराच्या गोळ्यांचा वास जात नाही.

आता तुझं काम. दादाची एकच इच्छा आहे. म्हणतो, "पहिला तुकडा याकोबाला, माझ्या हातून." हो, त्याच याकोब पंचाला. चर्चच्या मंडळीनेही सभा घेऊन त्याच्यावरची बंदी उठवली आहे. पण आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. ज्याला मेजापासून दूर केलं त्याला परत बोलवायचं ते चिठ्ठीने नाही आणि फोनवरही नाही. ज्यांचं वाईट झालं त्यांच्या घरच्याने समोर उभं राहून तोंडाने सांगायचं. दादाला प्रवास झेपत नाही. माझे पाय तर तुला ठाऊकच. राहिलास तू, आणि तू नेमका चेन्नईत जाऊन पडला आहेस.

याकोब श्रीपेरुंबुदूरला कुठल्याशा कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर आहे, एवढंच कळलंय. कुठला कारखाना ते माहीत नाही. नंबर कुणाकडे नाही. शोधशील तू.

तुझी आत्या,
शशिकला

*

मैलापूर, चेन्नई
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

सलाम. पत्र पोचलं. दोन दिवस उशीखाली होतं, मग एक दिवस खिशात होतं, म्हणून उशीर.

मी मजेत आहे. हुबळीचं गॅरेज सोडलं ते तुला सांगितलंच. आता इथं एका संगीतसभेच्या कँटीनमध्ये आहे. आत कुणीतरी तासभर एकाच रागात का काय म्हणतात त्यात गात असतं आणि बाहेर आम्ही डोसे लावतो. टाळ्या वाजल्या की समजायचं, आता दोनशे लोक एकदम भुकेले बाहेर येणार. डिसेंबरात तर म्हणे जत्राच असते. मला ते गाणं कळत नाही पण मृदंगवाला बघायला आवडतो. त्याचा अंगठा... जाऊ दे, तू चिडशील.

राहतो सरोजा मामींच्या गच्चीवरच्या खोलीत. त्या आणि त्यांचे भाऊ नारायणस्वामी मामा, दोघंच असतात. मामी शाळेत गणित शिकवायच्या, मामा विमा कचेरीतून रिटायर झाले. आणि आत्या, ही माणसं मराठी बोलतात! यांचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर आले ते इकडचेच झाले. पण यांची मराठी ऐकशील तर तुला वाटेल, जुन्या बखरीतून कुणी उठून आलंय. "जेवण जाहलें कां रे?" म्हणतात. "सगळे" म्हणायचं तर "अस्के" म्हणतात. मधेच तमिळ घालतात. मी "लई भारी" म्हटलं तर मामी म्हणाल्या, "हें काय जड आहे?"

देवघर आहे त्यांचं मोठं. मी ख्रिस्ती आहे म्हटल्यावर मामा म्हणाले, "बेश. गच्चीवर देव कोणाचाही चालतो, पाणी मात्र सकाळीं सातपर्यंतच."

आता त्या माणसाचं.

आत्या, तू मला हे सांगतेस? भर सभेत उभं राहून त्यानंच सांगितलं ना, प्रभुभोजनाच्या दिवशी पाळकांच्या तोंडाला दारूचा वास येत होता म्हणून? पप्पांनी आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेतलं. आणि का, तर त्याच्या जावयाला पप्पांची जागा पाहिजे होती. पाळकांचं घर आम्ही एका दिवसात रिकामं केलं, तुझ्या दोन खोल्यांत आलो. मी नववी तिथंच सोडली, कारण शाळेत पोरं माझ्या तोंडाजवळ येऊन वास घ्यायची. दोन वर्षांनी त्यानं कबूल केलं की खोटं बोललो. मग? तेव्हा पप्पा शाळेच्या गेटवर वॉचमन होते, आणि तरी त्यांना मेजावर परत कुणी बोलावलं नाही.

मंडळीनं त्याला मेजापासून दूर केलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं होतं की देव जागा आहे. आता तुम्हीच परत बोलवा म्हणताय, आणि तेही माझ्या तोंडानं.

तरी तू सांगितलंयस तर जाईन. येत्या रविवारी. मामींना मी सांगितलं की वडलांचा निरोप घेऊन एका माणसाला शोधायचंय, तर त्यांनी लगेच विचारलं, डबा काय देऊं?

तुझा,
शिमोन

*

पानसवाडी
१ ऑक्टोबर २०२४

चि. शिमोन,

सलाम. रविवारी गेला होतास का ते कळव. दादा रोज संध्याकाळी विचारतो, "पोराचं काही?" मी म्हणते, "पोर आहे ते, रस्त्यात मृदंग दिसला असेल." तो हसतो. सराव करतो रोज. रिकाम्या ताटलीत चपातीचा तुकडा ठेवून मोडतो आणि हात थरथरतो का बघतो. थरथरतो.

तू लिहिलंस ते सगळं मला ठाऊक आहे. त्या दिवशी दादाच्या शेजारी मी उभी होते. नर्स होते मी, दारूचा वास मला कळला नसता का? मी तसं सांगितलं सभेत. पण बहीण ती बहीणच, तिचं कोण ऐकतो.

या महिन्यात पोरांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत मी योना शिकवते आहे, माशाने गिळलेला. पोरं मासे काढतात. एकीनं माशाला मिशा काढल्या. तू लहानपणी त्याच्या पोटात पंखा काढला होतास, योनाला उकडू नये म्हणून.

वाट बघते.

आत्या

*

मैलापूर
९ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

सलाम. दोन रविवार गेलो. पूनमल्लीला बस बदलून जावं लागतं. उतरलं की कारखानेच कारखाने, एकेक गेट आपल्या गावाएवढं. आत मोटारी बनतात, मोबाईल बनतात. कंपनीच्या बसा रांगेनं येतात, निळ्या शर्टाची पोरं उतरतात, तसल्याच शर्टाची पोरं चढतात, जशी काही तीच पोरं परत. मी विचारलं. मराठी ड्रायव्हर कुणी नाही म्हणाले. एकानं सांगितलं, असा एकजण होता पण सोडून गेला, बहुतेक बेंगळुरूला. गेटाबाहेर बसून डबा खाल्ला. वारा असा खारट की मामींचा दहीभातही खारट लागला.

मला वाटतं तो गेला, आत्या. मी काय करणार. पप्पांना नीट सांग.

दुसरं म्हणजे, परवा जेवताना मी मामा-मामींना योनाची गोष्ट सांगितली. तुझ्या पत्रावरून आठवली. अशी रंगवून सांगितली की मामांचा रसम निवला. देव सांगतो निनवेला जा, तर हा उलट्या दिशेच्या जहाजात बसतो आणि खाली जाऊन झोपतो. वादळ येतं, खलाशी आपापल्या देवांना हाका मारतात. याला उठवून विचारतात तू कोण, कुठला, काय केलंस. हा म्हणतो, माझ्यामुळं आहे हे, मला समुद्रात टाका. मग मासा. मासा आला की मी आवाज काढला. मामा खूष.

मामी खूष नाहीत. त्यांनी विचारलं, "त्यानें सांगितलें तरी खलाशांनीं त्याला लगेच टाकिलें नाहीं?" मी म्हटलं नाही, आधी त्यांनी किनारा गाठायला जिवाच्या आकांतानं वल्ही मारली. "ओळखीचा होता कां त्यांच्या?" नाही. "त्यांच्या देवाचा होता कां?" नाही. "मग पुढें त्या खलाशांचें काय जाहलें?" मला काय माहीत? नऊ वर्षं शब्बाथ शाळेत बसलो, कुणी विचारलंच नव्हतं. तुला माहीत असेल तर कळव, मामी रोज विचारतायत.

शिमोन

*

पानसवाडी
१५ ऑक्टोबर २०२४

चि. शिमोन,

सलाम. पत्र मिळालं. दोन रविवार गेलास, पुष्कळ केलंस. आता परत जाऊ नकोस. उन्हात फिरून आजारी पडशील. माणूस गेला तर गेला. आपलं सांगायचं काम होतं, आपण प्रयत्न केला.

दादाला सांगितलं. मग म्हणाला, "बेंगळुरू फार लांब आहे का गं?" मी म्हटलं, आहे. त्यानंतर ताटलीचा सराव केला नाही त्या दिवशी.

तुझ्या मामींना सांग, त्या खलाशांना देवाचं भय वाटलं, त्यांनी यज्ञ केला, नवस बोलले. बस. शास्त्र पुढे काही सांगत नाही. घरी गेले असतील.

अंगात गरम कपडे घालत जा. चेन्नईत लागत नसतील तरी जवळ ठेव.

आत्या

*

मैलापूर
२१ ऑक्टोबर २०२४

आत्या,

मी श्रीपेरुंबुदूरला गेलोच नव्हतो. एकदाही नाही.

पहिल्या रविवारी निघालो होतो खरा. बसस्टॉपवर पूनमल्लीची बस आली, दार माझ्यासमोर उघडलं, कंडक्टरनं हात केला, आणि मी चढलो नाही. मग वरून जाणारी ती रेल्वे आहे ना इथं, तिच्यात बसून वेळचेरीपर्यंत गेलो आणि परत आलो. खिडकीतून लोकांच्या गच्च्या दिसतात, वाळत घातलेले पापड दिसतात. मग लाइटहाऊसजवळ समुद्रावर बसलो. डबा तिथं खाल्ला. दुसऱ्या रविवारी कासिमेडूला मासळी उतरताना बघत दुपार काढली. कारखान्यांचं, निळ्या शर्टांचं जे लिहिलं ते कँटीनमधल्या वेंकटनं सांगितलेलं होतं, तो आधी तिथं कामाला होता. बेंगळुरू माझं.

मला वाटलं होतं हे इथंच संपलं. पप्पांना वाईट वाटेल, मग विसरतील.

काल रविवार. मी कँटीनमधून चारला परत आलो तर घराला कुलूप. मामी आणि मामा रविवारी कुठं जात नाहीत. सहाला दोघं आले. मामी एका पायावर जोर देऊन चालत होत्या, पदर घामानं चिकटलेला, हातात छत्री. दारातूनच ओरडल्या, "सांपडले रे! तुझे पंच सांपडले!"

मी म्हटलं, "कोण?"

"कोण म्हणजे? याकोब!"

आत्या, ही दोघं म्हातारी माणसं सकाळी बस बदलून श्रीपेरुंबुदूरला गेली होती. मला न सांगता. मामी मला नंतर म्हणाल्या, "तूं इतका हिरमुसला होतास, म्हटलें आपण बघूं. तुझ्या वडलांनीं किती वाट बघायची?"

नारायणस्वामी मामा चप्पल काढता काढता हसत होते. "अरे, हिनें काय केलें माहीत आहे? शिफ्ट सुटली, पन्नास बसा उभ्या, आणि ही छत्री वर करून ओरडते, इथें कोणी मराठी आहे कां? अस्के लोक बघायला लागले. वॉचमन आला, आत्ता पोलिसांना बोलवतो म्हणाला."

"मग एक म्हातारे वळले," मामी म्हणाल्या. "म्हणाले, बाई, ही कुठली मराठी? मी म्हटलें, जुनी आहे, पण चालते."

"कुठं सापडले?" मी विचारलं.

मामांनी अगदी साधेपणानं सांगितलं, "जिथें तूं शोधलेंस तिथेंच. दुसऱ्याच गेटावर."

मामांनाच वाटलं मला वाईट वाटेल, म्हणून पटकन म्हणाले, "तुला नसतील दिसले. तूं बसच्या आंत बघितलें असशील. ते खालीं चाकाच्या सावलींत बसले होते. कोणालाही दिसले नसते."

माझी बाजू ते घेत होते, आत्या. माझ्या खोट्याला तेच टेकू देत होते.

मी विचारलं, "निरोप सांगितलात?" म्हटलं सांगितला असेल तर सुटलो.

मामी दचकल्याच. "आम्ही कसा सांगणार? तुमची रीत तूंच सांगितलीस ना. घरच्यानेंच सांगायचें. आम्ही एवढेंच म्हटलें, पाळकांचा मुलगा इथें आहे, तुमच्याशीं बोलायला येतो आहे. ते लगेच बसच्या पायरीवर बसले. पाणी पाजलें मी."

मग मी सांगितलं. म्हटलं, "मामी, मी गेलोच नव्हतो."

मामींनी विचारलं, "दोन्ही रविवार?"

"दोन्ही."

"माझा दहीभात?"

"समुद्रावर खाल्ला."

मामांना हसू आलं, त्यांनी ते गिळलं. मामी हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसल्या, पाय वर घेतला. गुडघा हा एवढा सुजला होता. मामांनी बर्फ फडक्यात बांधून आणला. गुडघ्यावर बर्फ धरून त्या म्हणाल्या, "बरें. पण ते माणूस वाट बघत आहेत. सोमवारीं त्यांची रात्रपाळी आहे, मंगळवारीं दुपारीं भेटतील. मी आलें असतें, पण हें बघ."

बस, एवढंच. मला का म्हणून कुणी विचारलं नाही. जेवायला वाढलं.

मी रात्री गच्चीवर त्यांच्या प्रश्नाचा विचार करत होतो. आपण लहानपणापासून मासा मासा करतो. पण जहाजात देवाला ओळखणारा एकच माणूस होता आणि तोच पळत होता. ज्यांना आपला देव ठाऊकही नव्हता ते त्याच्यासाठी वल्ही मारत होते. मी तीच गोष्ट आवाज काढून त्यांनाच ऐकवली, त्यांचाच रसम खात.

आणि दुसरं. पप्पा एकदा उपदेशात म्हणाले होते ते आता कळलं. योनाला निनवेच्या लोकांची भीती नव्हती. त्याला देव कसा आहे ते माहीत होतं. हा जाऊन सांगणार, ते रडणार, आणि देव लगेच सोडून देणार. तेच त्याला नको होतं. मलाही तेच नको आहे. याकोब पंचानं बसमध्येच म्हातारं व्हावं आणि मेजावर त्याची जागा रिकामी राहावी, असं मला मनापासून वाटत होतं. आम्ही इतकी वर्षं जे सोसलं, ते एका भाकरीच्या तुकड्यात संपणार? हे मी पप्पांपुढं कधी बोललो नसतो.

उद्या मंगळवार. जाईन म्हणतो. पण मला माझा भरवसा नाही, म्हणून तुला आधीच लिहून टाकतोय. आता गेलो नाही तर तुला कळेल.

पप्पांना हे दाखवू नकोस. किंवा दाखव. मला लाज वाटते आहे.

शिमोन

*

पानसवाडी
२६ ऑक्टोबर २०२४

बाळा शिमोन,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दादाला दाखवलं नाही. का नाही ते पुढे कळेल.

तू गेला नव्हतास हे मला तेव्हाच कळलं होतं. श्रीपेरुंबुदूरला खारट वारा कुठून येणार? शेजारच्या सौम्याच्या फोनवर मी नकाशा बघितला, समुद्र कुठल्या कुठे. तू समुद्रावर बसून दहीभात खाल्लास हे मला त्याच दिवशी समजलं, आणि मी तुला लिहिलं, पुष्कळ केलंस, आता जाऊ नकोस. तुला त्यात काही विचित्र वाटलं नाही? मी, तुझी आत्या, जी तुला दात घासलेस का म्हणून दोनदा विचारायची?

नंबर कुणाकडे नाही असं मी लिहिलं होतं. याकोबाच्या बायकोचा नंबर माझ्याकडे होता. मागच्या नाताळापासून आहे. तिनेच फोन करून दादाची तब्येत विचारली होती. कुठला कारखाना, कुठलं गेट, सगळं मला ठाऊक होतं. बस कुठल्या रंगाची ते पण.

सभेत जेव्हा ठरलं की घरच्या कुणीतरी जायचं, तेव्हा आताचे पाळकसाहेब म्हणाले, शशिकलाबाई, तुम्ही जाल का? रेल्वेचं बघू. मी म्हटलं माझे पाय. माझे पाय चांगले आहेत रे. परवाच डोंगरावर जाऊन सीताफळं आणली. मग मी म्हटलं, शिमोन आहे ना चेन्नईत, त्याला सांगते. सगळे खूष झाले. दादाने माझा हात धरला.

मी तुला का पाठवलं ते ऐक. तू पोचणार नाहीस म्हणून पाठवलं. तू कुठेही वेळेवर पोचला नाहीस आजवर. तुझ्यासारखा निरोप्या शोधून सापडला नसता. निरोप पाठवल्याचं नाव माझं, न पोचल्याचा दोष तुझा, आणि याकोब आपल्या दारात उभा राहणार नाही. मी हे असं ठरवून केलं असं वाटत नव्हतं मला. पण तुझं पत्र वाचल्यावर दुसरं काही म्हणता येत नाही.

नऊ वर्षं दादाला मी सांभाळलं. पहिल्या वर्षी तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा, मी त्याला उठवून अंघोळीला न्यायची, तुला ते माहीत नाही, तू तेव्हा मिरजेला पळाला होतास. मला वाटतं, मेजावरची पहिली जागा माझी आहे. हे लिहितानासुद्धा लाज वाटते. सत्तर वर्षांची बाई, शब्बाथ शाळेत योना शिकवते, पोरांना सांगते, बघा हं, देवाचं ऐकायचं असतं.

तू पळालास तो निदान पायांनी पळालास. मी खुर्चीत बसून पळाले.

मंगळवारी गेलास का? मला भीती वाटते आहे की गेला असशील. आणि भीती वाटते आहे की नसशील. दोन्ही खरं आहे. एक विचारते, तू त्याला माफ केलंस का? मला खरं सांग, मला उदाहरण हवं आहे.

सरोजाबाईंच्या गुडघ्याला आता बर्फ नको, गरम शेक द्यायला सांग. आणि जिना चढू देऊ नकोस.

आत्या

*

मैलापूर
१ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

सलाम. तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं, मग परत वाचलं. तू मला भरवशाचा नाही म्हणून निवडलंस याचं वाईट नाही वाटलं. तुझा अंदाज बरोबर निघाला त्याचं वाटलं.

मंगळवारी गेलो. बस आली, चढलो. खरं सांगायचं तर मामा स्टॉपवर सोडायला आले होते आणि मी चढेपर्यंत हलले नाहीत.

दुसरं गेट. तो चाकाजवळच बसला होता. केस सगळे पांढरे झालेत, खाकी शर्ट, पायात प्लास्टिकच्या चपला. मला वाटलं होतं मी त्याला बघितलं की काहीतरी होईल माझ्या आत. काही झालं नाही. एक म्हातारा माणूस होता. मला बघून उठला आणि माझ्या कानांकडं बघत म्हणाला, "पाळकांचे कान."

मी वाटेत पाठ केलं होतं तसं एका दमात सांगितलं. पप्पांनी बोलावलंय, दहा तारखेला कापणीचा सण, प्रभुभोजन पप्पा चालवणार, मंडळीनं बंदी उठवली, पहिला तुकडा तुम्हाला. हात खिशात होते माझे. आवाज असा होता जसा कँटीनमध्ये टोकन नंबर पुकारतो.

त्यानं विचारलं, "पाळक स्वतः देणार?"

"हो."

"हात बरा आहे का त्यांचा?"

"थरथरतो."

तो खाली बसला. म्हणाला, "मी एवढी वर्षं मनात तयारी करून ठेवली होती बघ. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचं, मी त्या लायकीचा नाही, मी येणार नाही. काय काय शब्द जुळवले होते. कुणी आलंच नाही, आता तू आलास तर त्यातलं एक आठवत नाही." मग डोळे पुसले, टाकीवर जाऊन तोंड धुतलं, आणि ओल्या तोंडानं तसाच रजा मागायला गेला. दहा मिनिटं नाही लागली, आत्या. रडला, तोंड धुतलं आणि झालं! मला इतका राग आला. मला वाटलं थोडं तरी ताणेल, मला दोन-तीनदा यावं लागेल, मी दमेन, मग मलाही काहीतरी केल्यासारखं वाटेल. तिथं बसच्या सावलीत उभा राहून मी त्या माणसावर चिडलो होतो, कारण तो लगेच वळला होता. चिडलो ते चिडलो, वर त्याची पण लाज वाटली.

रजा मंजूर करून घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "पाळकांचं कळलं. तुला चालेल का?"

मी हो म्हटलं नाही. म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "सहा तारखेला, बुधवारची शिर्डीची गाडी आहे." तो समजला असावा, पुन्हा विचारलं नाही.

घरी येऊन मामींना सांगितलं. शेक देतो रोज, गुडघ्याची सूज उतरते आहे. त्यांनी विचारलं, "तूंही जातोस ना?" मी म्हटलं, कँटीन आहे, सीझन जवळ आलाय, निरोप दिला, माझं काम झालं. मामा म्हणाले, "ते माणूस एकटे जाऊन स्टेशनवर उतरतील, आणि समोर कोणीच ओळखणार नाहीं, तर परत फिरतील. मी असतों तर फिरलों असतों." मला ते खरं वाटलं. तो नगरला उतरून तिथूनच उलट गाडी पकडेल. मला ते कसं करतात ते चांगलं ठाऊक आहे.

म्हणून दोन तिकिटं काढलीत. ६ तारखेची, शेजारशेजारची. वेंकट माझे डोसे लावेल. सगळी गाडी साईबाबांच्या भक्तांनी भरलेली असते म्हणे, म्हणजे आम्ही दोघंच ख्रिस्ती, आणि दोघांचं आपसात पटत नाही. दिवसभर आणि रात्रभर त्याच्याशी काय बोलणार देव जाणे. मामी डबा देणार आहेत, दोघांचा एकच. मी म्हटलं दोन द्या. म्हणाल्या, "एवढी भांडीं नाहींत माझ्याकडे." खोटं आहे, फळीभर डबे आहेत.

तू विचारलंस माफ केलंस का. नाही केलं. तुला उदाहरण पाहिजे होतं, ते माझ्याकडं नाही. शेजारची सीट काढली आहे, एवढंच आहे.

पप्पांना तूच सांग की तो येतोय. माझ्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव, तुझ्याबद्दल काय सांगायचं तेही. मी आल्यावर दोघं मिळून सांगू, तेही चालेल.

गाडी गुरुवारी नगरला पोचते. स्टेशनवर तू ये. पाय चांगले आहेत ना तुझे. पप्पांना आणू नकोस. आधी आपण तिघं बाहेरच्या टपरीवर बसून एक चहा पिऊ. रविवारपर्यंत आपल्या दोघांना त्याच्याकडं बघायची सवय व्हायला पाहिजे.

तुझा,
शिमोन